कांदाकाढणीतली बालवाडी

एप्रिल लागला की न्हावऱ्याच्या रस्त्यावर कांद्याचे पापुद्रे उडायला लागतात. लाल जाळीच्या गोण्या भरलेल्या ट्रॉल्या पुढे चालतात आणि मागून स्कूटीवर येणाऱ्या माणसाच्या केसांत, चष्म्यावर, डब्याच्या पिशवीत ते गुलाबी पापुद्रे येऊन बसतात. शिरूरहून निघून भीमा ओलांडेपर्यंत, म्हणजे दौंडची हद्द लागेपर्यंत, त्यांची सोबत सुटत नाही. उसाची ट्रॉली गेली की पोरं मागे धावतात. कांद्याच्या ट्रॉलीमागे कुणी धावत नाही. कांदा सांडला तर सांडला, त्याचं कौतुक आमच्याकडे फक्त भाव चढल्यावर होतं.

मी या रस्त्यानं वर्षातून पाच-सहा वेळाच जाते. एरवी माझं सगळं कारेगावात. कंपन्यांच्या कामगारांना भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांची एक चाळ आहे, तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत आमची बालवाडी भरते. माझ्याकडची निम्मी पोरं बिहार-ओडिशाकडची, उरलेली बीड-परभणीची, आणि एखाद-दुसरं आपल्या तालुक्यातलं. ती आपापसात जी भाषा बोलतात तिला नाव नाही. "मॅडम, इसने मेरा खडू घेतला ना," असं सुरू होतं आणि पुढे कुठंही जातं. ही पोरं घरघर खेळत नाहीत, कंपनी-कंपनी खेळतात. एकानं दारात उभं राहायचं, बाकीच्यांनी हात वर करून त्याच्यापुढून जायचं, आणि त्यानं खिसे तपासायचे. परवा एकानं मलाही अडवलं. "पास दिखाओ." मी पास नाही म्हटल्यावर त्यानं मला माझ्याच बालवाडीत येऊ दिलं नाही, तेव्हा मी बाहेर पायरीवर बसून राहिले. पोरांचा खेळ चालू असताना मोठ्यांनी मध्ये बोट घालू नये, हे माझ्या थोड्या नियमांपैकी एक आहे.

नियम थोडेच आहेत. लहान मूल हातानं विचार करतं, म्हणून त्याचे हात रिकामे ठेवू नयेत. त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेऊ नये. ज्याचा हात त्यानंच चालवावा, उशिरा का होईना. दोन पोरं भांडली तर रक्त निघेपर्यंत उठू नये, हे जरा वाढवून सांगते आहे, पण फार नाही. आणि कौतुक मिठासारखं वापरावं. आमच्या क्षेत्रात ऊठसूट टाळ्या वाजवायची पद्धत आहे. पोरानं नाक पुसलं तरी 'व्हेरी गुड'. मला त्याचा कंटाळा आहे. ज्या पोराला दिवसभर शाबासकी मिळते ते दिवसभर शिक्षिकेच्या तोंडाकडे बघत बसतं, हातातल्या वस्तूकडे बघत नाही. आया मला तुसडी म्हणतात. असेनही.

यांतला कुठलाच नियम मी पुस्तकातून उचललेला नाही. अपवाद एकाचा. तो प्रशिक्षणात शिकले आणि बरीच वर्षं देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला: मुलाला त्याच्या परिसरातून शिकवा. जे त्याच्या अंगणात आहे, रानात आहे, घरात आहे, तिथून सुरुवात करा. दगड, पानं, बिया, शेण, माती. ऐकायला इतकं गोड वाक्य आहे की त्यावर कुणी हरकत घेईल असं वाटतच नाही. माझ्याबाबतीत ती हरकत एका कांदाकाढणीत आली.

तेव्हा मी कारेगावात नव्हते. भीमेच्या अलीकडे, शिरूरच्या बाजूला एक गाव आहे, तिथं आमच्या संस्थेनं मला बालवाडी दिली होती. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आप्पा कोण, ते सगळा तालुका सांगेल.

कांदाकाढणी जवळ आली हे गावात नाकाच्या आधी कानाला कळायचं. पंप बंद व्हायचे. काढणीच्या आधी कांद्याचं पाणी तोडतात, पात पिवळी पडून माना टाकते, आणि इतके दिवस अंगाला लागलेला तो मोटारींचा घूंऽऽ आवाज एकाएकी थांबतो. मग उपटलेला कांदा वाफ्यातच पडून वाळायला लागला की वास. सकाळी तो गोडसर असतो, दुपारी उग्र होतो, संध्याकाळी गावभर पसरतो, आणि रात्री उशीसुद्धा त्याच वासाची लागते. बायका वाफ्यात ओळीनं बसून विळ्यानं पात कापत पुढे सरकतात. कच्, कच्, कच्. बोलणं मध्येच, विळा मात्र थांबत नाही. कापलेले कांदे ढिगात पडतात, मग त्यांची निवड होते: मोठा, मध्यम, आणि बारीक म्हणजे गोल्टी. शेवटी ते बराखीत जातात. बराख म्हणजे कांदा साठवायची उंच, जाळीच्या भिंतींची खोली, जिच्यातून वारा आरपार जातो.

आणि माझी बालवाडी ओस पडते. आया काढणीला गेल्या की पोरं त्यांच्या मागे बांधावर. पहिल्या वर्षी मी रिकाम्या खोलीत तक्ते पुसत बसले. दुसऱ्या वर्षी ठरवलं, पोरं येत नाहीत तर शाळा नेऊ. आप्पांचं रान गावाला लागून होतं, बांधावर मोठा लिंब होता. मी विचारायला गेले.

आप्पा म्हणजे गावातलं मोठं माणूस. सोसायटीत, दूध डेअरीत, देवळाच्या ट्रस्टमध्ये, जिथं खुर्ची आहे तिथं आप्पा. पण माणूस दिलदार. त्यांचा नातू शौर्य माझ्याच बालवाडीत होता.

"बसा की खुशाल," ते म्हणाले. "लिंब काय कुणाच्या बापाचा हाय? पान्याचा जार बी पाठवून देतो. पोरं हितं असली म्हंजी बायांचं बी कामात ध्यान ऱ्हाईल."

तर बालवाडी लिंबाखाली भरू लागली. सतरंजी, एक पिशवी ठोकळ्यांची, एक चित्रांची, आणि भोवती कांदाच कांदा. मला वाटलं, आता याहून चांगला परिसर कुठला? गोल्टी, मध्यम, मोठा. लहान-मोठं कळणं, सारखं-वेगळं कळणं, ढीग करणं, एकास एक लावणं, अंकांच्या आधीचं सगळं गणित त्या ढिगात पडलं होतं. मी एक टोपलीभर कांदे मागून घेतले आणि पोरांसमोर ओतले. काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. पोरं तुटून पडली. कुणी आकारानं लावले, कुणी रंगानं, एकीनं शेपूट असलेले आणि शेपूट नसलेले असे दोन ढीग केले. मी नोंद करत बसले आणि मनातून फार खूश झाले. संस्थेच्या बैठकीत काय काय सांगायचं हेही ठरवून टाकलं.

त्यात सगळ्यात तरबेज होती प्रज्ञा. साडेचार वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिची आई सुरेखा आप्पांच्याच वाफ्यात काढणीला असे. वडील रांजणगावच्या एका कंपनीत ठेक्यावर. त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराजवळ. प्रज्ञा कांदा उचलायची, तळहातावर जरा तोलायची आणि ज्या ढिगातला त्या ढिगात टाकायची. तिचं चुकायचं नाही. मी तिलाही शाब्बास म्हटलं नाही. तिला त्याची गरज नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आप्पा फेरी मारायला आले. छत्री मिटून लिंबाखाली उभे राहिले आणि नातवाला कांदे चिवडताना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आरं बघा रं बघा, आमचा शौर्य कांदं मोजतुया! सायबावानी बसलाय बेनं. इंजिनेर हुतंय का न्हाई बघा." त्यांनी मोबाइल काढून फोटोही घेतला. मग त्यांचं लक्ष प्रज्ञाकडे गेलं. ते थोडा वेळ खरोखर कौतुकानं बघत राहिले. "आन् ही कुणाची? सुरेखाची व्हय? काय हात चालत्यात गं हिचं! सुरेखा, आणखी धा वर्सांनी पोरगी तुला मागं टाकती बघ. आपल्या काढणीची काळजी मिटली!"

वाफ्यातल्या बायका हसल्या. मीही हसले असेन. हसण्यासारखंच बोलले होते ते. फक्त ओळीतला एक विळा थांबला. सुरेखानं मान वर केली नाही. जरा वेळानं तिचा विळा पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा भरभर.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा लिंबाखाली नव्हती. ती वाफ्याच्या कडेला, उन्हात, आईच्या मागे एका गोणपाटावर बसली होती. डोक्यावर ओढणी, मांडीवर पाटी. मी हाक मारली. तिनं आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिसऱ्या दिवशीही तेच. उन्हानं पोरीचे गाल तांबडेलाल झाले होते आणि सावली तिथून हाकेवर होती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, फरशी लख्ख. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीवर विणलेला रुमाल. प्रज्ञाचे वडील सेकंड शिफ्टला गेले होते. सुरेखानं चहा टाकला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलायला सुरुवात केली.

"बाई, मी अडाणी न्हाई. दहावी झालीय माझी. कारेगावला कंपनीत पॅकिंगला होते, हिच्या टायमाला सोडलं. तुम्ही कांदं कशापायी देता पोरांला ते मला समजतंय."

"मग?"

"मग काय. पोरगी शाळंत जाती म्हणून मी उन्हात बसते. आन् शाळंत ती काय करती? कांदं निवडती."

मी तिला समजावून सांगितलं. चांगलं समजावलं, मला येतं ते. की हे काम नाही, खेळ आहे. की यातून गणिताची पायाभरणी होते. की शौर्यही तेच करतो आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा गाळला.

"शौर्यनं कांदा उचलला तर त्यो खेळ. त्याच्या आज्यानं फोटू काढला. माझ्या पोरीनं उचलला तर ती सवय. तिला तिथल्या तिथं कामाला लावली त्यांनी, धा वर्सं आधी."

"आप्पा चांगल्या मनानं बोलले हो, सुरेखाताई."

"व्हय ना. शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते. कवतिक केलं, त्याला काय करणार?"

मी कप उचलला. चहा चांगला होता, आलं घातलेला. प्रज्ञा कॉटखाली बसून आमचं बोलणं ऐकत होती, तिच्या वेण्यांची टोकं दिसत होती. सुरेखानं आवाज खाली आणला.

"दौंडला बहीण हाय माझी, रेल्वे लायनीच्या अंगाला. तिच्या पोरांला न्यायला नर्सरीची गाडी दारात येती. जूनपास्नं हिला तिथंच ठेवणार हाये."

"चार वर्षांची पोर, आईला सोडून?"

"मला काय हौस हाय का?" ती एकदम मोठ्यानं म्हणाली, आणि मग डोळ्याला पदर लावला. "दोन रात्री झोप न्हाई मला. पर हितं ठिवली तर ती हितलीच हुईल. तुम्हीच सांगता ना, परिसरातनं शिकतं पोर?"

ते वाक्य मीच पालकसभेत सांगितलं होतं. तिच्या तोंडून ऐकताना ते माझं वाटेना. परिसर म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर लिंब, बांध, कांद्याचे ढीग असं एक चित्र यायचं आणि ते सगळ्यांसाठी एकच आहे असं मी धरून चालले होते. एकाच बांधावर बसलेल्या दोन पोरांना दोन वेगळे परिसर असू शकतात. एकाला तो वारसा म्हणून मिळतो आणि दुसरीला त्यातून बाहेर पडायचं असतं. बाहेर पडायचं असेल तर तिला आधी त्याच्यातच कशाला घोळायचं, असं तिच्या आईनं विचारलं तर तिला काय सांगायचं?

तरी ती बरोबर आणि मी चूक, असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. हातात वस्तू हवीच. पाटीवरचे गोल कितीही गिरवले तरी पोराला लहान-मोठं कळत नाही, ते हाताला कळावं लागतं. सुरेखाचंही खोटं नव्हतं. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या की तडजोड करावी असं म्हणतात. मला तडजोड जमत नाही, मी हट्टी आहे. मी एवढंच विचारलं, कांदा सोडून दुसरं काही दिलं तर पाठवाल का?

सुरेखानं कप विसळून पालथा घातला.

"परवा आप्पांचा शेवटचा वाफा हाय. एक दिस बसवते. कांद्याला हात लावायचा न्हाई तिनं. मी तिथनंच बघत असन्. न्हाई पटलं, तर जूनात ती दौंडला."

परत येताना अंधार पडत होता. रस्त्याकडेच्या प्रत्येक बराखीतून वारा शिट्टीसारखा निघत होता. मला त्या पोरीच्या दौंडला जाण्याचं वाईट वाटत होतं, हे मी सरळ सांगते. साडेचार वर्षांचं मूल रात्री कुशीला आई नसताना काय शिकतं, ते कुठल्या अभ्यासक्रमात नसतं. पण माझी बालवाडी म्हणजे एक सतरंजी आणि दारात गाडी पाठवणारी नर्सरी, यांत मी त्या आईला काय म्हणून थांबवणार होते?

शिक्षकाच्या नोकरीत असे दिवस येतात की एका मुलासाठी सगळं पणाला लावून बसावं आणि बाकीच्या पंधरांना वाऱ्यावर सोडावं. असं करू नये म्हणतात. मी पुष्कळदा केलं आहे. कारेगावात गेल्या पावसाळ्यात एका पोराला दाराच्या आत यायलाच भीती वाटायची, तर पंधरवडाभर मी सगळा वर्ग पायरीवर भरवला. बाकीच्या पोरांना काही कमी पडलं नाही, उलट त्यांना येणारे-जाणारे टेम्पो बघायला मिळाले. मोठ्यांना जी शिस्त वाटते तिची पोरांना फारशी गरज नसते, त्यांना आपल्याला कुणीतरी धरून ठेवलंय एवढं कळलं की पुरतं.

शेवटच्या वाफ्याचा दिवस. सुरेखा प्रज्ञाला घेऊन लिंबाखाली आली, तिला सतरंजीवर बसवलं, पाटी तिच्या हातात दिली आणि वाफ्यात जाऊन बसली. तिची जागा तिनं मुद्दाम अशी धरली होती की मान वर केली की आम्ही दिसू.

मी ठोकळे ओतले. पोरांनी ते पाच मिनिटं खेळवले. लाल, निळे, पिवळे, सगळे एकाच मापाचे. त्यांत करण्यासारखं फारसं नव्हतं आणि ते त्यांना वर्षभर पाठ होते. शौर्यनं एक ठोकळा लिंबावर फेकून मारला. मग पोरं आपसूक कांद्याच्या ढिगाकडे सरकली. मी त्यांना अडवलं नाही. प्रज्ञा पाटी धरून बसून राहिली. पाटीवर तिनं दोन रेघा ओढल्या होत्या. थोड्या वेळानं तीही सरकली, ढिगाजवळ पोचली, एका कांद्याकडे हात गेला, आणि तिनं वाफ्याकडे बघून तो हात मागे घेतला. पाठीमागे नेऊन धरून ठेवला. कुणी ओरडलं नव्हतं, सुरेखानं तर मानही हलवली नव्हती.

तो मागे घेतलेला हात मला बघवेना. मी आजूबाजूला बघायला लागले की या रानात कांदा नसलेलं असं काय आहे. आणि मला डबे दिसले.

कामावरच्या माणसांचे डबे सकाळी सावलीत ठेवलेले असतात, आणि कुणाचा डबा कुठं, हे ठरलेलं असतं. खालच्या अंगाच्या बायकांचे लिंबाच्या बुंध्याशी. गावातल्या बायकांचे पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. आप्पांचा डबा विहिरीजवळच्या चिंचेखाली बाजेवर. जेवायला ज्यानं त्यानं आपल्या डब्यापाशी बसायचं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलेलंही नव्हतं. मीसुद्धा इतके दिवस तिथं डबा खात होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्या सकाळीही दिसलं नाही. "मुद्दाम केलंत का बाई?" असं मला नंतर एकीनं विचारलं. नाही. मला फक्त त्या पोरीच्या हातात काहीतरी द्यायचं होतं.

"चला रे," मी म्हटलं, "सगळे डबे हळूच आणा. सांडलं तर तुमच्या आया मला मारतील."

पोरं धावली. कुणी बुंध्यापासून, कुणी टाकीपासून. शौर्य चिंचेखालून आजोबांचा डबा दोन्ही हातांत धरून घेऊन आला. सतरंजीवर स्टीलचे, हिंडालियमचे, प्लॅस्टिकचे, तऱ्हेतऱ्हेचे डबे जमले. प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी डब्यांकडे बघत राहिले. मग तिनं पाटी बाजूला ठेवली.

आधी तिनं झाकणांवरून लावले, ते मोडले. मग गोल आणि चपटे केले, तेही तिला पटेना. शेवटी मोठे, मधले आणि बारके अशा तीन ओळी करायला घेतल्या. एक एक डबा दुसऱ्याला टेकवून बघायची, जरा लांब होऊन बघायची, मग जागा द्यायची. बाकीची पोरं तिच्या हाताखाली डबे पुरवायला लागली. तेवढ्यात भांडण झालं.

"आमच्या आप्पांचा डबा पयला!" शौर्य म्हणाला.

"पयला-बियला न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "त्यो बारका हाय. बारक्यांत."

"आप्पा मोठं हायेत!"

"आप्पा मोठं. डबा बारका."

दोघांनी डबा दोन बाजूंनी धरला. मी जागची हलले नाही. शौर्यनं डबा ओढून घेतला, रागारागानं मोठ्यांच्या ओळीत नेऊन ठेवला आणि स्वतःच तो बघत उभा राहिला. मग उचलून मधल्या ओळीतल्या एकाशी टेकवला. मग बारक्यांतल्या एकाशी. बारक्यांतल्याशी तो बरोबर जुळला. आप्पांना साखरेचा त्रास होता, त्यांचं जेवण एका भाकरीवर आलं होतं. शौर्यनं नाक ओढलं आणि तो डबा आपल्याच हातानं बारक्यांच्या ओळीत ठेवला. शेजारचा डबा सुरेखाचा होता.

ऊन डोक्यावर आलं तशा बायका उठल्या, हात धुतले आणि आपापल्या जागी गेल्या. जागेवर डबे नव्हते. मग त्या सगळ्या लिंबाखाली आल्या आणि तीन ओळींपुढे उभ्या राहिल्या. एकदोघी हसल्या, पण ते हसणं मध्येच थांबलं. टाकीजवळ बसणारी एक जण आपला डबा उचलायला वाकली आणि तशीच सरळ झाली. सुरेखा सगळ्यांच्या मागे उभी होती.

"माझा डबा कुणी हालिवला रं?" म्हणत आप्पा आले. त्यांनी ओळी बघितल्या. त्यांना काय दिसलं ते मला सांगता येणार नाही. रागावले नाहीत. त्यांनी वाकून सुरेखाच्या डब्याशेजारचा आपला डबा उचलला आणि चिंचेकडे चालू लागले.

"ओ आप्पा!"

त्या रानात आप्पांना मागून अशी हाक कुणी मारत नव्हतं. प्रज्ञा ओळीतून उठून त्यांच्या मागे गेली होती.

"आप्पा, चुकलं तुमचं. तुमचा डबा बारका हाय. त्यो हितं असतो."

आता सुरेखा तिला मागे बोलावणार, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही होतं. मग तिनं ते मिटलं.

आप्पांनी हातातला डबा फिरवून बघितला. "बारका हाय व्हय?"

"व्हय. शौर्यनं लावून बघितलाय."

आप्पांनी नातवाकडे बघितलं. शौर्यनं मान हलवली, हिशोब हिशोबाच्या जागी. आप्पा उन्हात थांबले. एकदा त्यांनी चिंचेखालच्या बाजेकडे बघितलं, एकदा लिंबाकडे. मग ते परत आले, डबा होता तिथंच, होता तसा ठेवला, आणि म्हणाले, "मला भूक न्हाई आत्ता. तुमी बसा." बराखीच्या दिशेनं ते चालायला लागले. त्यांना भूक होती, साखरेच्या माणसाला त्या वेळी भूक लागतेच. पण त्यांना डबाही नेता येईना आणि बसताही येईना. मला त्यांचीही दया आली.

बाया मग बसल्या. आपापल्या डब्यापाशी, प्रज्ञानं लावलेल्या ओळीत. आप्पांच्या न उघडलेल्या डब्याशेजारी सुरेखानं आपला डबा उघडला, भाकरी मोडली आणि पहिला घास पोरीच्या तोंडात घातला. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"बाई, हिचं हितलं नाव काढायचं न्हाई मला. जूनात बी."